दोन्ही बाह्या डाव्या

शाळेतल्या बाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्या हाताच्या कापल्या. पंचवीस वर्षं शिवतेय, असा घोळ कधी घातला नव्हता. एक बाही कापली की कागदाचा नमुना उलटा ठेवून दुसरी कापायची, एवढं तर नवशिक्या पोरीलाही कळतं. पण मधेच फोन वाजला. नणंदेच्या ग्रुपवर कुणाच्या तरी मांजरीला पिल्लं झाली होती. ती पाहिली, त्यानंतर आणखी काय काय पाहिलं, आणि नमुना तसाच ठेवून कात्री चालवली.

बाई रागावल्या नाहीत. "कापड आईनं निवडलं होतं," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी बिनबाह्यांचं जाकीट करून दिलं.

माझं डोकंच फिरलं. त्याच संध्याकाळी बटणांचा साधा फोन आणला आणि मोठा फोन लेकीच्या हवाली केला.

"आई, मामाचं काय?" तिनं विचारलं.

"लिहील की मेसेज. लिहिता येतं त्याला."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. दूरच्या शहरात छापखान्यात असतो. रोज चार वाजता, चहाच्या सुट्टीत, फोनवर दिसायचा आणि आम्ही हातांनी बोलायचो. बोलायचो कसले, तो माझी टर उडवायचा. मालकाची चाल, माझा चष्मा, सगळ्यांच्या नकला करायचा, अन् मी पोट धरून हसायची.

खोटं कशाला सांगू, साध्या फोननं सुख वाटलं. आठ दिवसांत तुंबलेली शिलाई उरकली, मान दुखायची थांबली. भावाचे मेसेज यायचे, पण अगदी कोरडे. "ठीक." "हो." "जेवलो." रुसलाय, असं मी ठरवून टाकलं. मग मलाही राग आला. एवढ्यातेवढ्यावरून बहिणीवर रुसायचं? मीही नुसतं "बरं" पाठवायला लागले.

नवव्या दिवशी त्याला चांगला झापायचा म्हणून चारला लेकीकडून मोठा फोन मागून घेतला. तो समोर दिसला आणि माझे वर केलेले हात तसेच राहिले. त्याचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये होता. मी फोन बदलला त्याच्या दुसऱ्याच दिवशी जिन्यावरून पडला होता. तेव्हापासून डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत "ठीक" लिहीत होता.

सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

त्याचा डावा हात एकटाच अडखळत हलला. पण मला कळलं. तू मशीन सोडून धावत आली असतीस. आणि ताई, लिहून मला तुला हसवता येत नाही.

मी रडले. मागं त्याचे सोबती चहा पीत उभे होते, तरी रडले. आठ दिवस हा माणूस मुका झाला होता आणि मी त्याच्यावर फुगून बसले होते.

मग त्यानं विचारलं, मोठा फोन का सोडलास? मी बाह्यांचं सांगितलं. तो टेबलावर डोकं टेकून हसला आणि डावा हात माझ्यासमोर नाचवला. त्या बाह्या मला पाठव, सध्या मला डावीच लागते.

लेकीनं आता मोठ्या फोनमधलं सगळं काढून टाकलंय, फक्त मामा ठेवलाय. नणंद म्हणते मी तुसडी झाले. म्हणू दे. चार वाजले की मी आधी कात्री खाली ठेवते, मग फोन घेते. एका हाताचं बोलणं पटकन कळत नाही. मग मी पुन्हा विचारते, आणि तो पुन्हा सांगतो.