भिंतीवरचं चेरीचं झाड

दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात, सोल्बात वसाहतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरच्या प्रकाशात चेरीचं एक उघडंबोडकं झाड दिसत होतं आणि मोबाईलवरून मत पडलं की त्यावर एक फूल उमलत होतं.

"हे बघा, काकू, हे तुमचं फूल," मतदानाचं यंत्र विकणारे बांग साहेब माईकवर सांगत होते. "माणूस चुकतो, कागद जळतो. गणित खोटं बोलत नाही. तुमच्या मोबाईलवरही फूल येईल. फूल आलं की समजायचं, मत मोजलं गेलं."

फूल मतं कशी मोजतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडायचे तेवढे बाकी होते.

प्रश्न पहारेकऱ्यांचा होता. त्यांना ठेवायचं, की काढून कॅमेरे बसवायचे? नाम ग्योंगओक बाई या निवृत्त विज्ञानशिक्षिका. त्यांनीच दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना बटण कसं दाबायचं ते शिकवलं होतं. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "समितीचा अध्यक्ष जिनगू माझ्या हाताखाली शिकलाय. त्याची हमी मी देते." अंथरुणाला खिळलेल्या मो आजींनी तर कित्येक वर्षांनी मत दिलं होतं, तेही पडल्यापडल्या.

जिनगूने निकाल वाचला. प्रचंड बहुमताने पहारेकरी नकोत.

दाराशी उभ्या असलेल्या पहारेकरी प्यो काकांनी टोपी काढली. बर्फ झाडणारे, किमचीच्या लोणच्यासाठी कोबीची पोती वर नेऊन देणारे ते काका. आठवडाभर जो तो त्यांना सांगत होता, "काका, आम्ही तुमच्याच बाजूने." त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता निघून गेले.

त्यानंतर लिफ्टमधलं बोलणंच बंद झालं. तोंडावर गोड बोलून आपल्यापैकी कोणी काकांचा गळा कापला, हेच जो तो मनाशी ताडत होता.

बाई मो आजींकडे गेल्या तेव्हा आजी म्हणाल्या, "माझं मत पोचलं ना गं? त्या दिवशी घरातलं इंटरनेट बंद होतं. लेक तक्रार करत बसली होती."

"मग फूल आलं नसेल, आजी."

"आलं की. लगेच आलं."

घरी येऊन बाईंनी आपला मोबाईल विमान मोडवर टाकला, ॲपमधलं सरावाचं मतदान उघडलं आणि बटण दाबलं. मोबाईलचा जगाशी काही संबंध उरला नव्हता, तरी फूल टवटवीत उमललं. मत मोजलं गेलं म्हणे. कुणी मोजलं, आणि कुठे?

पुढच्या सभेत कॅमेऱ्यांच्या कंत्राटावर मतदान होतं, फक्त हजर असलेल्यांचं. काय करायचं ते बाईंनी जिनगू सोडून सगळ्या रहिवाशांच्या कानावर आधीच घातलं होतं. बांग साहेबांनी इशारा केला, लोकांनी बटणं दाबली. भिंतीवरचं झाड भराभर बहरलं.

बाई उठल्या. "सगळ्यांनी मोबाईल वर धरा. बांग साहेब, नीट बघा. सगळे विमान मोडवर आहेत. इथून एकही मत बाहेर गेलेलं नाही. मग ही फुलं कुणाची?"

बांग साहेब घसा खाकरत म्हणाले, "ते म्हणजे... उत्साह वाढावा म्हणून चित्र असतं."

"मोबाईलवरचं चित्र मोबाईलच काढतो. भिंतीवरचं तुमचा संगणक काढतो. आणि निकाल?" बाई जिनगूकडे वळल्या. "निकाल कुणी भरला, जिनगू?"

जिनगू टेबलाकडे बघत म्हणाला, "बाई, निकाल असाच लागला असता. लोक उगाच भावनेच्या भरात मतं देतात. वसाहतीच्या भल्यासाठीच केलं मी."

"असाच लागणार होता, तर मोजायला का घाबरलास?" बाईंचा आवाज चढला. "मी तुझी हमी देऊन लोकांचं तोंड बंद केलं, आणि तू हे केलंस?"

त्याच आठवड्यात चिठ्ठ्यांवर मतदान झालं आणि सगळ्यांसमोर मोजणी झाली. पहारेकरी राहावेत, असंच बहुतेकांचं म्हणणं निघालं. परत कामावर या, हे सांगायला बाई प्यो काकांकडे गेल्या. ते आता बाजारातल्या वाहनतळावर कामाला होते.

"मी नाही येणार, बाई," ते म्हणाले. "तुमच्यातल्या एकेकाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्यात. आता त्यांना गुड मॉर्निंग कसं म्हणू?"

शेवटच्या सभेत सगळ्यांनी यंत्र फेकून द्यायची भाषा केली. मो आजी लेकीच्या फोनवरून बोलल्या, "मग मत द्यायला मला खाली कोण आणणार? माझं मत वाया गेलं ते यंत्र होतं म्हणून नाही, तपासायची सोय नव्हती म्हणून."

"आजी बरोबर बोलतात," बाई म्हणाल्या. "यंत्र ठेवा. पण प्रत्येक मताची चिठ्ठी निघाली पाहिजे, घरून दिलेल्या मताची चिठ्ठी ज्याची त्याला पडताळता आली पाहिजे, आणि हरलेल्या माणसाला मोजणी पुन्हा मागता आली पाहिजे. चिठ्ठ्याही चोरता येतात, पण त्याला पुष्कळ हात लागतात. इथे एका माणसाने खुर्चीत बसून सगळ्यांची मतं फिरवली. जे तपासता येत नाही ते कितीही सुंदर दिसो, त्यावर विश्वास ठेवू नका. आणि मी कुणाची हमी दिली, तर तीही तपासून घ्या."