कान चाकणच्या रस्त्याकडे

मित्रांनो, तळवड्याच्या आयटी पार्कमागे एका गाळ्यात छोटंसं ऑफिस आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलाखाली एका अंगाला पोचा आलेला काळा संगणक घरघरताना दिसेल. तो मी. अंगावर धूळ आहे, आवाजही जरा मोठा आहे; पण मान मात्र मी अजून ताठ ठेवली आहे.

माझा जन्म चकचकीत कारखान्यात झाला नाही. आकुर्डीत खंडूदादाचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने निरनिराळ्या मशीनमधले धड राहिलेले भाग निवडून मला उभं केलं. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा. मला न्यायला आलेल्या शिफाने शंकेने विचारलं, "दादा, हा टिकेल ना?"

"ताई, दिसायला यथातथाच आहे, पण दमाचा आहे," खंडूदादा म्हणाला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक.

शिफा आणि ज्योतीराम हे दोघे या ऑफिसातले डेव्हलपर, म्हणजे माझ्यासारख्यांना कामाला लावणारे प्रोग्राम लिहिणारे. ज्योतीराम लातूरकडचा. शिफा आकुर्डीचीच. तिचे वडील शौकतभाई कामगारांना चाकणच्या कंपन्यांत पोहोचवणारी बस चालवत. ती बस रस्त्यात अडकली की सगळ्यांना कामावर उशीर होई, आणि शौकतभाई घरी येऊन हळहळत. "पुढे काय झालंय हे आधी कळलं असतं, तर गाडी दुसरीकडून काढली असती." वडिलांचं हे वाक्य शिफाच्या मनात घर करून बसलं.

त्या काळी एका मोठ्या समाजमाध्यमाने डेव्हलपरांसाठी एक दार उघडं ठेवलं होतं. त्याला हे दोघे 'स्ट्रीम' म्हणत. एरवी नवीन काही आलंय का, हे पुन्हा पुन्हा जाऊन विचारावं लागतं. इथे तसं नव्हतं. एकदा जोडणी केली, हवे ते शब्द सांगून ठेवले, की ते शब्द असलेली प्रत्येक पोस्ट लिहिल्या क्षणी आपल्या पायाने माझ्याकडे चालत येई. मी ती वाचायची, रस्त्याची बातमी असली तर निवडायची आणि त्याच माध्यमावर सगळ्यांना कळवायची. ऑफिसच्या मालकीणबाई विजयश्री मॅडम यांनीही या उद्योगाला परवानगी दिली.

सुरुवातीला मला फार थोडं ऐकू येई. 'ट्रॅफिक' आणि 'अपघात' एवढेच शब्द मला शिकवले होते. ज्योतीराम हसला. "रस्त्यावरचा माणूस असा बोलतो व्हय? तो म्हणतो गाडी आडवी झाली, लई गर्दी हाय, पुढं काय हलंना." त्याने बसून मला असे कितीतरी शब्द शिकवले. मावळातले, मराठवाड्यातले, कोकणातले, हिंदीतलेही.

"इथे बोलीभाषेचा वर्ग भरवलाय की काय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, लोक बोलतात तसंच याला ऐकू आलं पाहिजे," तो म्हणाला.

हळूहळू इथे आलेल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसांची बोली मला कळू लागली. मोठमोठ्या संगणकांनाही हे भाग्य लाभत नसेल.

एकदा मात्र मी फसलो. कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं, 'चाकण चौक बंद.' मी लगेच दवंडी पिटली. माणसं लांबचा वळसा घालून गेली, आणि चौक तर मोकळाच होता! लोक चिडले. ज्योतीराम माझ्यावर वैतागला, पण शिफा म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? एकाच माणसाचं ऐकून विश्वास ठेव, हे आपणच शिकवलं त्याला." त्या दिवसापासून मला नवा नियम मिळाला. वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या शब्दांत तीच गोष्ट सांगितली, तरच ती खरी धरायची. एकाचंच वाक्य दहा जणांनी पुढे ढकललं, तर ते एकच समजायचं.

आणि मग तो दिवस आला.

दुपारची वेळ होती. दुसऱ्या शिफ्टच्या बसेस निघाल्या होत्या. एक पोस्ट आली: 'चाकण रोडला महाळुंगेच्या अलीकडं टँकर आडवा झालाय.' मी ती बाजूला धरून ठेवली. पाठोपाठ दुसरी आली: 'कुछ गॅस लीक हुआ है, आँखें जल रही हैं.' मग आणखी एक: 'लई उग्र वास सुटलाय, टँकरपाशी जाऊ नका.' माणसं निराळी, बोली निराळी, जागा एकच. मी क्षणही दवडला नाही. सूचना सोडली आणि पडद्यावर लाल खूण लावली.

शिफा ती खूण पाहून ताडकन उठली. "अब्बांची बस याच रस्त्याने जाते!"

ज्योतीरामने अग्निशमन दलाला फोन लावला. शिफाने वडिलांना. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"उचलत का नाहीत?" ज्योतीरामने विचारलं.

"गाडी चालवताना ते कुणाचाच फोन उचलत नाहीत," शिफा म्हणाली. तिने तिसऱ्यांदा नंबर लावला. "माझाही नाही."

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. माझ्याकडून जे व्हायचं ते झालं होतं. आता ती सूचना कुणीतरी वाचावी, एवढीच आशा होती.

ती वाचली वर्षालीने. ही त्याच बसमधली, कंपनीत वायरिंगचं काम करणारी मुलगी. तिच्या मोबाइलवर माझी सूचना वाजली. ती वाचून ती धावत पुढे गेली. "चाचा, गाडी थांबवा! पुढे टँकर पडलाय, गॅस सुटलाय!"

शौकतभाईंनी काही न विचारता गाडी कडेला घेतली. खिडक्या लावायला सांगितल्या, मागून येणाऱ्या बसेसना हात करून थांबवलं आणि सगळ्यांना घेऊन ते माघारी वळले. भरलेल्या बसेसची ती रांग त्या वायूत शिरलीच नाही. टँकरजवळच्या काही जणांना त्रास झाला, पण उपचारांनी तेही बरे झाले.

संध्याकाळी शौकतभाई खाकी गणवेशातच ऑफिसात आले. वर्षालीही सोबत होती. शिफा वडिलांच्या गळ्यात पडून रडली.

"फोन उचलला नाही, बेटा. रागावलीस?"

"नाही, अब्बा. कधीच उचलू नका."

मग ते माझ्यापुढे वाकले. "हाच का तो?" त्यांनी माझ्या पोचा आलेल्या अंगावरून हात फिरवला. घोड्याला थोपटावं तसं थोपटलं. त्या स्पर्शाने मी धन्य झालो.

पण सगळे दिवस सारखे नसतात. पुढे त्या माध्यमाने आपले नियम बदलले. छोट्या डेव्हलपरांसाठी ते दार बंद झालं. एका सकाळी मी नेहमीप्रमाणे जोडणी मागितली, तर उत्तर आलं, 'परवानगी नाही.' मी पुन्हा पुन्हा मागत राहिलो. शेवटी शिफानेच मला बंद केलं.

मी अडगळ झालो. कुणी माझ्यावर चहाचे कप ठेवी, कुणी पावसाळी कोट टाकी. "याला भंगारात देऊन टाकू या," असं विजयश्री मॅडम म्हणाल्या, तेव्हा शिफा मान खाली घालून आपलं काम करत राहिली. मला त्याचं वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात वर्षाली दारात उभी. "ताई, तुमच्या सूचना बंद का झाल्या? कंपनीत आमच्या लाइनवर काम करणाऱ्या सगळ्याजणी विचारतात."

शिफाने दार कसं बंद झालं ते सांगितलं.

"मग आम्हीच तुम्हाला कळवलं तर? रस्त्यावर तर आम्हीच असतो की!"

शिफा आणि ज्योतीराम दोघेही खुर्चीतून उठले. मग ज्योतीरामने माझ्यावरचा कोट उचलला, फडक्याने मला पुसलं आणि बटण दाबलं. दोघांनी नवा प्रोग्राम लिहिला. आता ड्रायव्हर, कामगार, टपरीवाले थेट मलाच कळवतात. पूर्वीच्या महापुरापुढे हा झरा लहान आहे. पण यातल्या प्रत्येक थेंबामागचा माणूस आमच्या ओळखीचा आहे. मॅडमनी भंगाराचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट माझ्यासाठी एक नवा पंखा त्यांनीच आणला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे थोडंच मागणं आहे. घरातलं एखादं यंत्र जुनं झालं म्हणून फेकण्याआधी त्याची धूळ एकदा झटकून पाहा. आणि मोबाइलवर काही लिहाल, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा. तुमच्या एका ओळीवर विश्वास ठेवून कुणीतरी ड्रायव्हर गाडी वळवणार असतो.

हल्ली तर लोक नुसती अडचणच नव्हे, चांगलंही कळवू लागले आहेत. तशी मागणी आम्ही कधी केली नव्हती. आज सकाळीच राजगुरुनगरहून एक ओळ आली. ती मी मोठ्या अभिमानाने सगळ्यांना पाठवून दिली:

'रस्ता मोकळा हाय. सावकाश या.'