हिरव्या दोऱ्याचा गुलाब

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे मापं घेऊन बेतले, पण बायकोच्या गुलाबावर कात्री चालवली ती मात्र बिनमापाची.

गुलाब तिच्या वडिलांच्या हातचा होता. अप्पांनी रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, बसवून कलम केलं आणि लेकीला दिलं. फूल फिकट पिवळं, कडेला गुलाबी झाक. मांडीचं हाड मोडून बायको दवाखान्यात आणि तिथून बहिणीकडे गेली, तेव्हा स्ट्रेचरवरूनही तिने बजावलं होतं की कलमाच्या गाठीखालून जे फुटेल ते रानटी, ते काढा, गाठीच्या वरचं जपा. मास्तरांनी हो हो म्हटलं. झाडाचं एवढं काय सांगायचं असतं, असा त्यांचा समज.

दोन महिन्यांनी बघतात तो गाठीच्या वर एक मरतुकडी काडी आणि खाली चार टवटवीत, हातभर लांब फांद्या. मास्तर गिऱ्हाइकाचंही कधी ऐकत नसत. तो सैल शिवा म्हणायचा, हे अंगासरशी शिवायचे आणि वर तेच कसं शोभतं ते पटवून द्यायचे. त्यांनी काडी गाठीसकट उडवली आणि फांद्यांना खतपाणी घातलं. झाड असं तरारलं की मास्तर शेजाऱ्यांना हाताला धरून दाखवायला आणू लागले. त्यांतला एक रोपवाटिकेत कामाला होता. त्याने पानं निरखली आणि हळूच सांगितलं, की मास्तर, हा नुसता खुंट आहे, गुलाब तुम्ही कापलात.

मास्तरांनी कचऱ्याचा ढीग उपसला. काडी सापडली, पण कडकडीत वाळलेली. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना.

बायको वॉकर घेऊन घरी आली ती थेट खिडकीशी बसली. पायरी उतरायला डॉक्टरांची महिनाभर मनाई होती आणि गुलाब होता दहा पावलांवर. कळी कशी नाही अजून, असं तिने विचारलं. सांगून टाकायची वेळ ती होती. पण मास्तर म्हणून गेले, येईल की उद्या-परवा.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत त्यांनी फुलवाल्याकडून तसल्याच रंगाचं फूल आणलं आणि हिरव्या दोऱ्याने फांदीला टाचलं. दोरा असा बेमालूम गुंडाळला की जवळ गेलं तरी दिसू नये. इतकं सुबक काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतकं हलकटही. हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

बायको बराच वेळ फुलाकडे बघत राहिली. छान आहे, एवढंच म्हणाली. मग मास्तर रोज पहाटे फूल बदलू लागले आणि ती रोज काहीतरी विचारू लागली. खालचे फुटवे काढले होते ना? काढले. फूल कोमेजत कसं नाही? खत चांगलं पडलं. प्रत्येक उत्तरानंतर ती मास्तरांच्या तोंडाकडे क्षणभर जास्तच बघायची, आणि मास्तर उठून मशीनवर जाऊन बसायचे. सुईखाली कापड नसायचं, तरी पाय चालवत राहायचे.

चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला. तिच्या नव्या घराला अंगण मिळालं होतं. रविवारी येते, आजोबांच्या गुलाबाचा डोळा घेऊन जाते, म्हणत होती. बायकोने फोनवर हात ठेवला.

"काय सांगू तिला?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. "नंतर फोन करते म्हण."

तिने तसं सांगून फोन ठेवला. मास्तर खाली बघतच बोलले, "गुलाब नाहीये. मी कापला. तू सांगितलं होतंस, पण मला वाटलं मला कळतं. ते फूल विकतचं आहे."

"माहीत आहे."

मास्तरांनी वर पाहिलं.

"अप्पांचा गुलाब मान खाली टाकून फुलतो," ती म्हणाली. "तुमचा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे तोंड करून ताठ उभा आहे. चार दिवस विचारतेय, आज तरी सांगाल म्हणून."

"अगं, तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच. अप्पांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. पण ती चूक होती, रडून मोकळी झाले असते. ही चार दिवसांची फुलं काही चुकून नाही शिवलीत तुम्ही." तिने डोळे पुसले आणि खिडकीकडे बोट केलं. "जा, उसवा ते."

मास्तर छोटी कात्री घेऊन अंगणात गेले. दोरा इतका पक्का गुंडाळला होता की तो कापायला त्यांनाच तीनदा कात्री लावावी लागली. फूल मातीत पडलं. खिडकीतून ती बघत होती. तिने नजर काढून घेतली नाही.

ते आत आले तेव्हा तिने फोन पुढे केला. लेकीशी मास्तर स्वतःहून कधी बोलत नसत. जे काही असेल ते आईमार्फत.

"मी नाही सांगणार," बायको म्हणाली.

मास्तरांनी नंबर लावला. पलीकडून लेक आई समजून बोलू लागली, कुंडी आणली, माती आणली, जागासुद्धा ठरवली. मास्तरांनी तिला सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "बाळ, मी बाबा बोलतोय. ती कुंडी राहू दे. आजोबांचा गुलाब मी कापला."