बंद घराची हजेरी

'घराला कुलूप, ग्राहक उपलब्ध नाही.' सासूबाईंच्या चष्म्याच्या पार्सलबद्दल असा मेसेज सलग तिसऱ्यांदा आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुलूप? अहो, वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला आमच्या खडकीच्या क्वार्टर्समधली निम्मी मंडळी त्या वेळी आमच्याच घरात बसली होती! त्या संध्याकाळी वाचायची पाळी सासूबाईंची होती, आणि जुना चष्मा फुटलेला.

मी कुरिअर कंपनीला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. पलीकडची मुलगी थंडपणे म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये घर बंद दाखवतंय."

सासूबाईंनी हात पुढे करून फोन मागितला. दारूगोळा कारखान्यात त्या सुपरवायझर होत्या, पाळी सुरू होताना रोज हजेरी घ्यायच्या. फोन स्पीकरवर टाकून त्या म्हणाल्या, "बाळ, बंद घराची हजेरी ऐक. राजनंदिनी मेश्राम?"

"हजर!"

"आनंद ढवळे?"

"हजर!"

आवाज न चढवता त्यांनी एकेक नाव पुकारलं आणि सगळं घर ताठ बसून उत्तर देत राहिलं. इतकी वर्षं मी उगाचच ओरडत आले.

"बास, काकू," मुलगी हसू दाबत म्हणाली, "पाठवते लगेच."

थोड्याच वेळात पार्सलवाला आला आणि दारातल्या चपलांच्या ढिगापुढे थबकला. सासूबाईंनी पार्सल घेतलं, सही केली आणि म्हणाल्या, "दादा, आता खरं काय ते लिहा. घर उघडं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती."