चोवीस तासांची गोळी मी एका दमात कुटली

मी वासुदेववैद्यांचा खल बोलतोय. नावेसारखा लांबट, गयेच्या काळ्या दगडाचा, आणि स्वभावाने सुंठीपेक्षा तिखट. वैद्य श्लोक म्हणत माझ्यात औषध घोटायचे. त्यातले निम्मे मला पाठ आहेत. उरलेले बत्त्याच्या आवाजात ऐकूच आले नाहीत. तेवढ्या विद्येवर मी जन्मभर शहाणपणा मिरवला. मिरवणारा मी एकटाच आहे, असं मात्र समजू नका!

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. हिरडा, पिंपळी, काडेचिराईत, काय काय रगडलं मी! रोगी कडू औषध घेताना तोंड वाकडं करायचा, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा.

पुढे वैद्य स्वतःच आजारी पडले. त्यांचे धाकटे भाऊ ढुंढिराजगुरुजी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे म्हणून लखनौला घेऊन गेले. वैद्य तिथेच वारले. आता बघा, लोक कुठून कुठून मरायला काशीत येतात, आणि काशीचा वैद्य मरायला लखनौला! त्यांच्या बायकोने, शरदिनीकाकूंनी, त्या दिवसापासून दिराशी बोलणं टाकलं. एक-दोन महिने नाही, अकरा वर्षं. घर एक, जिना एक, तोंडं दोन दिशांना.

मधे मी.

गुरुजींना रक्तदाब. मंत्र म्हणताना गल्ली दणाणून सोडणारा हा गळा, पण गोळी गिळायची म्हटली की दार लावून बसायचा. एका सकाळी त्यांनी गुपचूप गोळी माझ्यात टाकली आणि खाकरले. काकूंनी ती कुटली, मधात कालवली, वाटी जिन्याच्या पायरीवर आपटली आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "या घरात रोग्याशी वैर नाही. बाकी आहेच."

मग हेच सुरू झालं. दिवसातून तीनदा खाकरणं, तीनदा कुटणं, तीनदा आपटणं. कारखान्यातल्या त्या गुळगुळीत, नटव्या गोळ्यांचा मला भारी राग. एका घावात भुकटी!

ब्याण्णव साली गल्लीतलीच डॉक्टर सुनीती घरी आली. काकू तेव्हा घाटावर होत्या. "आजोबा, दुपारची गोळी तुम्ही रोज विसरता. आता ही एकच, सकाळची. अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही. समझे?"

"समझलो," गुरुजी म्हणाले.

मीही ऐकलं. अख्खी गिळायची? म्हणजे मला वगळून? ठीक आहे, बघतो!

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तीनदा गिळली आणि तीनदा बाहेर काढली. शेवटी नेहमीसारखी माझ्यात टाकली नि खाकरले. काकूंना सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. ते कुठलं! काकूंनी बत्ता उचलला. गोळी गुलाबी होती, चिवट होती. मी हसत हसत तिचं पीठ केलं.

अर्ध्या तासात गुरुजी पूजेच्या पाटावरून कलंडले. आधी चेहरा लालबुंद, मग पांढराफटक. अंगाला दरदरून घाम. त्यांचा मुलगा नीलकंठ धावत आला. त्याने मधाची वाटी पाहिली आणि ओरडला, "काकू, बदला घेतलात ना शेवटी? थांबा, थानेदारालाच बोलावतो!"

काकू बत्ता हातात धरून तशाच बसल्या. अकरा वर्षं दिराशी न बोलणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार?

सुनीती आली. तिने गुरुजींचे पाय उशांवर उंच ठेवले, सलाइन लावलं, नाडी बघत बसली. जरा वेळाने म्हणाली, "काकू, खल दाखवा."

खल पुसायचा, धुवायचा नाही, हा वैद्यांचा नियम. माझ्या पोटाला गुलाबी टरफलं चिकटलेली होती. जन्मात पहिल्यांदा मी साक्ष दिली, तीही तोंड न उघडता.

"नीलकंठदादा, जहर-वहर काही नाही. गोळीच आहे," सुनीती म्हणाली. "हे बघा. गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात जाते, रक्त तिला अंगभर फिरवतं. यकृत तिला मोडत राहतं, मोडलेलं औषध शरीर बाहेर टाकतं. म्हणून जुनी गोळी तीनदा द्यावी लागायची. हिची बांधणीच अशी, की औषध दिवसभर थोडं थोडं सुटतं. नाव कशी चार-चार माणसं पार नेते? काकू, तुम्ही सगळी जत्रा एकदम नावेत चढवलीत. दवा वही है, पण नसा एकदम सैल पडल्या आणि दाब कोसळला."

गुरुजींनी डोळे उघडले. सुनीतीने विचारलं, "आजोबा, अख्खी गिळायची म्हणून काकूंना सांगितलं नाहीत?"

"वहिनींशी माझं बोलणं नाही ना," ते पुटपुटले.

नीलकंठने मधाची वाटी उचलली आणि स्वतः धुवायला नेली.

दोन दिवस दवाखान्यात काढून गुरुजी घरी आले. सुनीतीने आता सहज गिळता येतील अशा बारक्या गोळ्या दिल्या. काकू पाण्याचं भांडं घेऊन समोर उभ्या राहिल्या. अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द ऐका: "भाऊजी, आ करा. गिळलीत? जीभ उचला."

"वहिनी, मेलो असतो तरी काशीत मेलो असतो."

"म्हणूनच वाचवलं. एवढं सोपं मरण तुम्हाला? आधी लखनौला पोचवते, मग बघू."

आता रोज सकाळी भांडण. दणदणीत, समोरासमोर. माझ्यावाचून चाललंय त्यांचं. माझ्यात आता चहाचं आलं कुटतात. म्हातारपणी आलं! असो.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला आलं द्या, वेलदोडे द्या. गोळी टाकण्याआधी मात्र डॉक्टरला विचारा. आम्हाला विचारू नका. आम्ही कुणालाही कुटायला तयारच असतो.