गट्टू, गवत आणि सांदवाडी

मोहाडीच्या नव्या लेआउटमध्ये अमरने घर बांधलं, तेव्हा मागच्या बाजूला थोडी मोकळी जागा, सांदवाडी, उरली. एक खाट टाकून तिच्याभोवती फेरी मारली की संपली, एवढीच. तरी त्या तुकड्याचं काय करायचं यावर घरात एकमत होईना.

अमर कचेरीत कारकून. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्याने नक्शा पक्का केला होता. कडेने सिमेंटचे लाल-पिवळे गट्टू आणि मधे हिरवंगार प्लास्टिकचं गवत. त्याची आई सत्यभामाबाई नाकाडोंगरी गावचं घर थोरल्या लेकाच्या हवाली करून नुकतीच इथे राहायला आली होती. तिला गवताचं समजेना.

"गवत मंजे ढोरं खातेत ते. हे कोण खाते?"

"माय, हे शोभेचं आहे. याले पाणीबी लागत नाही."

"मंग जिवंत कसं राहते?"

"ते जिवंत नाहीच ना."

"मंजे मेलेलं गवत इकत आणून राहिला तू," सत्यभामाबाई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

अमरची बायको सरिता शाळेत शिकवायची. रोजचा हा वाद ऐकून तिचे कान किटले होते. एप्रिलमधल्या एका रविवारी तिने दोघांनाही आटोत बसवलं आणि भंडाऱ्याला नेलं. रस्त्याला लागूनच भुपेंद्रचं गट्टू-फरशीचं दुकान होतं. दुकानासमोर उघड्यावर सगळे नमुने मांडलेले. पोचायला नेमकी दुपार झाली.

सत्यभामाबाईने तिथे पाय ठेवताच चपला काढल्या.

"आजी, चपला राहू द्या," भुपेंद्र म्हणाला. "पाय पोळतीन."

"मी माह्या घरात चपला घालून फिरू का? चालून पाह्यल्याबिगर कसं कळन?"

ती गट्टूवर चढली आणि दुसऱ्याच पावलाला खाली उतरली. मग प्लास्टिकच्या गवताकडे वळली. ते तर इतकं तापलं होतं की तिने लुगडं वर धरून उडीच मारली. अमर मान खाली घालून मोबाइल पाहायला लागला.

"दगड चांगला," ती ठासून म्हणाली. "दगड कवाबी थंडा राहते." आणि शेजारच्या काळ्या फरशीवर जाऊन ऐटीत उभी राहिली. थोडा वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. मग ती शांतपणे म्हणाली, "सरिता, माही चप्पल आण."

सरिताला हसू आवरेना. ती हसत हसत फरश्यांच्या थप्पीवर टेकली आणि तितक्याच झटकन उठली.

गिऱ्हाईक हातचं जातं की काय असं वाटून भुपेंद्रने तोडगा काढला. "थोडे गट्टू आणि गवताचा एक तुकडा घरी न्या. काही दिवस टाकून पाहा. नाही पटलं तर वापस आणा."

घरी आल्यावर सरिताने गवताचा तुकडा भिंतीकडे अंथरला. अमर नळाजवळ गट्टू बसवायला कुदळ घेऊन भिडला. वरचा विटांचा चुरा आणि सिमेंटचे ढेपसे काढले, तसं खालून काळीभोर ओली माती निघाली. लेआउट पडायच्या आधी इथे धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर होतं. अमरने एक ढेकूळ हातात घेतलं. फोडलं. मग दुसरं फोडलं. अंधार पडेपर्यंत तो उकिडवा बसून होता आणि गट्टू तसेच बाजूला पडले होते.

सत्यभामाबाई दारातून पाहत राहिली. लहानपणी धानाच्या रोवणीचे दिवस आले की ह्याचं हमखास पोट दुखायचं. बांधीत उतरायचं नाव काढलं की हा गोधडीत शिरायचा. तिने त्याला काही आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अमर कचेरीतून आला की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मागे जायला लागला. त्याने वाफा केला, भेंडी लावली. मोबाइलवरचे व्हिडिओही बदलले. आता त्यात शेणखत दिसू लागलं.

इकडे सत्यभामाबाईला कोहळ्याच्या वड्या घालायच्या होत्या. गच्चीची पायरी तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती, म्हणून तिने नाइलाजाने त्या गवतावरच जुनं लुगडं पसरलं आणि वड्या टाकल्या. संध्याकाळी पाहते तर कडकडीत वाळलेल्या. वरून ऊन आणि खालून हवा, दोन्ही लागलं होतं. मग तिने पापड वाळवले. ऊन उतरल्यावर शेजारच्या यशोदाबाईला बोलावून तिथेच बसायला लागली. धूळ नाही, मुंग्या नाहीत, लुगड्याला डाग नाही.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "अमर, थे गवत अजून आणजो. पुरी सांदवाडी झाकून टाकू."

"काहून झाकायची?" अमर मातीत हात घालूनच म्हणाला. "इतकी चांगली माती हाय. तिच्यावर कोणी प्लास्टिक टाकते का?"

"त्याले पाणी लागत नाही, काही नाही."

"माय, ते मेलेलं गवत हाय."

बोलून झाल्यावर दोघांनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं. यशोदाबाई पदर तोंडाला लावून घरी निघून गेली.

सरिता उठली. बाजूला पडलेले लाल-पिवळे गट्टू तिने एकेक करून आणले, बरोबर मधोमध मांडले, पायाने दाबून सारखे केले आणि त्यावर खुर्ची ठेवली.

"भिंतीकडची आईची, नळाकडची तुमची," ती म्हणाली. "मधातली माही. इथं मी वह्या तपासीन. कोणाले काही बोलायचं असन तर मले वळसा घालून बोला."

त्यावर दोघांनीही काही हरकत घेतली नाही. नळाचं पाणी वड्यांपर्यंत गेलं की मायलेकांची बोलाचाली व्हायची, पण तेवढीच.

जूनच्या सुरुवातीला भेंडी आली. पहिला तोडा मूठभरच निघाला. सरिताने कांदा घालून भाजी केली. सत्यभामाबाईने चाखून मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. अमरने मात्र आधी एक वाटी झाकून यशोदाबाईकडे नेली. ती म्हणाली, "ठेव, जेवताना खाईन." पण तो काही हलेना. शेवटी ती चुलीवरचं दूध उतरवून आली आणि दारातच उभं राहून तिने एक फोड तोंडात टाकली.

"चांगली हाय रे," ती म्हणाली.

"घरची हाय," अमर म्हणाला आणि वाटी न घेताच परत आला.