मैनाबाईचं अंथरूण

भरत मुंबईत शूटिंगवाल्यांच्या गाड्या चालवायचा. कंपनीनं मोडीत काढलेली एक कॅरव्हॅन त्यानं पदरात पाडून घेतली आणि जीपला बांधून वरंधच्या वरच्या वाडीत, घराच्या अंगणात आणून उभी केली. पर्यटक धबधबे बघतील आणि रात्री गाडीत झोपतील, असा बेत होता. पर्यटक येईपर्यंत त्यानं आईलाच तिच्यात झोपवलं, कारण तिच्या खोलीत त्याला सोफा ठेवायचा होता.

"आये, हॉटेल हाय हॉटेल," तो म्हणाला. मैनाबाईनं बिचारीनं ते खरं मानलं.

आषाढात तिचं अंथरूण ओलं व्हायला लागलं. टपावरच्या झरोक्याच्या कडेनं पाणी शिरायचं, पत्र्याच्या आणि आतल्या प्लायच्या मधून उतरायचं आणि गादीखाली निघायचं. छत कोरडं, भिंत कोरडी. ओली फक्त गादी आणि तिच्यावर म्हातारी. सून सोनालीला आणखी पुरावा कशाला हवा होता?

"सोनाली गो, गाडीतून पाणी येतंय. मी नाय केलं."

"कुठनं येतंय? वर हात लावून बघा, सुकं हाय. वय झालं की व्हतं असं. खोटं कशाला बोलताव?"

सोनालीनं गादी पडवीत वाळत टाकली, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. वाडीला तेवढंच हवं होतं. पाणवठ्यावर बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग सोनालीनं सासूला चुलीपाशी यायला बंदी केली.

हे मात्र मैनाबाईच्या वर्मी लागलं. गौरीच्या नैवेद्याची घावनं या घरात तीच घालायची. तिच्यासारखी जाळीदार घावनं वाडीत कुणाला जमत नव्हती, आणि वर्षभरात तेवढ्या एका दिवशी सगळं घर तिच्या हाताकडे बघायचं.

"गौरीला तरी चुलीशी येऊ दे गो," ती म्हणाली.

"आधी अंथरूण सुकं राहू दे, मग बघू."

भरतनं तिला महाडच्या डॉक्टरकडे नेऊन गोळ्या आणल्या. मैनाबाईनं दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. ओठ फुटले, चालताना झोक जायला लागला. अंथरूण ओलं ते ओलंच. हळूहळू तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. झोपेत होत असेल, आपल्याला कळत नसेल, असं ती मनाशी म्हणायला लागली.

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला पुण्याची माणसं येणार होती. गाडीचा वास जावा म्हणून भरतनं आईला गोठ्यात हलवलं आणि नवी गादी टाकली. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी नवी गादी चिंब होती, आणि तिच्यावर कुणीच झोपलेलं नव्हतं.

नवरा-बायकोनं गादी बाहेर ओढली.

मग गिऱ्हाइकासाठी जे करायला हवं ते सगळं त्यांनी नीट केलं. पाऊस उघडल्यावर भरत आतली फळी काढून बॅटरी घेऊन बसला. सोनालीनं बाहेरून पाइपनं आधी खालून, मग खिडकीवर, मग टपावर पाणी मारलं. झरोक्यापाशी पाइप जाताच आत धार लागली. भरतनं फटीतलं वाळून तडकलेलं जुनं सिलिकॉन खरवडलं, कड पुसून सुकवली आणि नवं भरलं. पुन्हा पाणी मारून बघितलं. थेंबही आला नाही. आईनं सांगितलं तेव्हा हेच केलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

"आयेला सांगू?" भरतनं विचारलं.

"आणि वाडीत तोंड कसं दाखवायचं? गोळ्या लागू पडल्या म्हणायचं."

भरतला ते पटलं. अशा गोष्टी त्याला लगेच पटायच्या.

पाहुणे गेल्यावर मैनाबाई पुन्हा गाडीत झोपायला लागली. अंथरूण सुकं राहिलं. तिनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. "पोरा, तुझ्यामुळं बरी झाले रे," ती म्हणाली आणि रडली. भरतनं मान हलवली.

"मंग औंदा घावनं मीच घालीन ना गो?" तिनं सुनेला विचारलं.

"औंदा ऱ्हाऊ द्या. वैशालीवन्सं येनार हायत, त्या घालतील. लोकांच्या मनातनं अजून गेलं नाय."

सुनेचं बरोबरच आहे असं मैनाबाईला वाटलं.

गौरीच्या दिवशी लेक वैशाली चुलीशी बसली. घर मुंबईच्या माणसांनी भरलं होतं. कुणीतरी हाक मारली, "मैनाकाकी, बाहेर का? आत येऊन बसा." मैनाबाई आली. चुलीपासून लांब, दाराशी थांबली, काखेतला प्लास्टिकचा कागद उलगडून स्वतःच जमिनीवर अंथरला आणि त्याच्यावर बसली.